निसर्गाची मोजपट्टी कुठून आली?

सह्याद्रीतल्या कातळाचा फोटो काढताना भूशास्त्राचे विद्यार्थी शेजारी हातोडी ठेवतात, नाहीतर एखादे नाणे. कातळातली भेग बोटभर आहे की पुरुषभर, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. लहान भेग आणि मोठी भेग सारखीच दिसते. आकार दुप्पट केला, दहापट केला, तरी ज्या व्यवस्थेचे नियम बदलत नाहीत तिच्यात प्रमाण-सममिती आहे, असे भौतिकशास्त्र म्हणते.

आपल्या ओळखीच्या जगात ही सममिती टिकत नाही. प्राण्याची उंची दुप्पट केली तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच वाढते. म्हणून हरणाचे हाड त्याच प्रमाणात वाढवून हत्तीला चालत नाही. हे गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या शेवटच्या ग्रंथात दाखवून दिले. याच्या मुळाशी अणू आहेत. हायड्रोजनचा अणू मुंबईत, चंद्रावर किंवा दूरच्या दीर्घिकेत तेवढ्याच आकाराचा असतो. म्हणजे निसर्गाच्या फोटोत कुणीतरी हातोडी ठेवलेली आहे. ती कुठून आली हा प्रश्न आणि वस्तुमान कुठून आले हा प्रश्न, हे दोन्ही एकच आहेत. कारण प्रकाशाचा वेग आणि प्लँकचा स्थिरांक हाताशी असले की प्रत्येक वस्तुमानाला एक लांबी नेमून देता येते: कण जितका जड, तितकी ती लांबी कमी. सगळेच कण वस्तुमानहीन असले, तर लांबी मोजायला समीकरणांत काहीच उरत नाही.

या सममितीला पहिल्यांदा मोठ्या धाडसाने हात घातला तो हेर्मान वाइल यांनी, 1918 साली. लांबीचे माप जागेगणिक बदलू शकते असे मानले, तर त्या बदलांच्या हिशेबातून विद्युतचुंबकत्व आपोआप निघते, असे त्यांचे म्हणणे होते. आइन्स्टाइन यांना ती कल्पना फार आवडली, पण त्यांनी लगेच आक्षेप घेतला. तसे असते, तर वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या, एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंच्या वर्णरेषा वेगळ्या दिसल्या असत्या. प्रत्यक्षात त्या तंतोतंत सारख्या असतात. वाइल यांची मांडणी त्या रूपात टिकली नाही. 1929 साली त्यांनीच ती लांबीऐवजी क्वांटम तरंगाच्या कलेला लावली, आणि आजचे कणभौतिकशास्त्र त्याच तत्त्वावर उभे आहे. अणूकडे स्वतःची मोजपट्टी असते, हा आक्षेप मात्र मागे राहिला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ती मोजपट्टी अणूला दिली कोणी?

4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने हिग्ज कणासारखा कण सापडल्याचे जाहीर केले. तेव्हापासून या प्रश्नाला एक तयार उत्तर मिळते: हिग्जमुळे सगळ्याला वस्तुमान आले. वर्तमानपत्रांनी आणि पाठ्यपुस्तकांनी ते इतके पसरवले आहे की ते दुरुस्त करणे मला गरजेचे वाटते. प्रोटॉनचे वस्तुमान, ऊर्जेच्या एककात, 938 एमईव्ही. त्यात मुख्यत्वे दोन अप क्वार्क आणि एक डाउन क्वार्क. अपचे वस्तुमान दोनच्या आसपास, डाउनचे पाचच्या आत. तिघांची बेरीज फार तर नऊ-दहा एमईव्ही, म्हणजे एकूण वस्तुमानाचा शंभरावा भाग. हिग्ज कण ज्या क्षेत्राचा तरंग आहे ते हिग्ज क्षेत्र देते ते हे क्वार्कांचे आणि इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान. साठ किलोच्या माणसात हा थेट वाटा एक किलोसुद्धा भरत नाही. उरलेले सगळे कुठून आले?

ते आले प्रमाण-सममिती मोडल्यामुळे, आणि ती कोणत्याही क्षेत्राने मोडलेली नाही, क्वांटम नियमांनीच मोडली. क्वार्कांना बांधणारे प्रबळ बल ज्या सिद्धांतात येते त्याला क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स म्हणतात. अप आणि डाउन क्वार्कांचे नगण्य वस्तुमान बाजूला ठेवले, तर त्याच्या समीकरणांत लांबी किंवा वस्तुमान असे एकही माप नाही. आहे ती फक्त बलाची ताकद सांगणारी एक शुद्ध संख्या. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत वेगवान इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर आदळवले, तेव्हा याचीच चाहूल लागली होती. मिळालेली मोजमापे ऊर्जेच्या निरपेक्ष आकड्यावर जवळजवळ अवलंबून नव्हती, फक्त गुणोत्तरांवर होती. हे वर्तन जेम्स ब्योर्केन यांनी आधीच वर्तवले होते. प्रोटॉनच्या पोटात कण आहेत, आणि जवळून पाहिले तर ते जणू मोकळे आहेत, हे त्यातून दिसले.

मोकळे का, ते 1973 मध्ये कळले. डेव्हिड ग्रॉस आणि फ्रँक विल्चेक यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड पोलिट्झर यांनी, ही ताकद अंतरानुसार बदलते असे दाखवले. विद्युतप्रभाराभोवतीची निर्वात पोकळी खरोखर रिकामी नसते. क्षणभंगुर कण-प्रतिकणांच्या जोड्या मूळ प्रभार झाकतात, म्हणून दुरून तो कमी भासतो. प्रबळ बलात उलट घडते. बल वाहणारे ग्लुऑन नावाचे कण स्वतःच या बलाचा प्रभार, म्हणजे रंगप्रभार, बाळगतात, त्यामुळे दूर जावे तशी ताकद वाढत जाते. ऊर्जा जितकी जास्त, तितके जवळून पाहणे: 91 जीईव्ही ऊर्जेला ती 0.118 आहे, पावणेदोन जीईव्हीला 0.3 च्या पुढे. आणखी दूर गेलो की ती एकच्या घरात पोचते, आणि जिथे पोचते ते अंतर साधारण प्रोटॉनच्या आकाराचे आहे. मापच नसलेल्या सिद्धांतात माप आले ते असे. शुद्ध संख्येच्या बदल्यात लांबी मिळवून देणारा हा व्यवहार मला विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर शोधांपैकी एक वाटतो. तिघांना 2004 चे नोबेल मिळाले.

त्या लांबीच्या आत क्वार्क कोंडले जातात. कोंडलेल्या कणाला स्वस्थ बसता येत नाही. जागा जितकी अरुंद, तितकी त्याची गतिज ऊर्जा जास्त. शिवाय ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा वेगळी. पदार्थाचे जडत्व त्यातल्या ऊर्जेवर अवलंबून असते का, हा प्रश्न आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये शोधनिबंधाच्या शीर्षकातच विचारला होता. प्रोटॉन हे त्याचे सर्वांत ठसठशीत उत्तर आहे.

हे नुसते तर्काने पटवण्यासारखे नाही. आकडे यावे लागतात. केनेथ विल्सन यांनी 1974 मध्ये अवकाश-काळाची जाळी कल्पून गणिताची वाट काढली, पण ती महासंगणकांवर नीट चालायला तीन दशके गेली. 2008 साली बुडापेस्ट, मार्सेय आणि वुपर्टाल इथल्या संशोधकांनी प्रयोगातली तीनच मोजमापे आत घालून प्रोटॉनसह अनेक कणांची वस्तुमाने काढली, आणि ती प्रयोगाशी काही टक्क्यांच्या आत जुळली. 2018 मध्ये ची-क्यूसीडी गटाने प्रोटॉनच्या वस्तुमानाची फोडही केली: क्वार्कांची ऊर्जा सुमारे 32 टक्के, ग्लुऑनांची 36 टक्के, प्रमाण-सममिती मोडल्याचा थेट वाटा 23 टक्के, आणि क्वार्कांच्या वस्तुमानाशी निगडित भाग 9 टक्के. हा शेवटचा आकडा वर सांगितलेल्या बेरजेपेक्षा मोठा आहे, कारण प्रोटॉनमध्ये उमटून मिटणाऱ्या क्वार्कांच्या जोड्या, अगदी स्ट्रेंज क्वार्कांच्याही, त्यात धरल्या आहेत.

याचा अर्थ हिग्ज बिनमहत्त्वाचा असा कुणी काढू नये. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान शून्य असते तर अणू बनलाच नसता. अणूचा आकार त्याच वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात ठरतो. वाइल यांच्या विरोधात उभी राहिलेली अणूची मोजपट्टी म्हणजे हीच. डाउन क्वार्क अपपेक्षा किंचित जड आहे म्हणून न्यूट्रॉन प्रोटॉनपेक्षा जड आहे. मोकळा न्यूट्रॉन पंधरा मिनिटांच्या आसपास विघटित होतो आणि प्रोटॉन टिकतो. हे उलटे असते तर हायड्रोजन नसता, पाणी नसते.

खरी अडचण हिग्जच्या स्वतःच्या वस्तुमानाची आहे. ते 125 जीईव्ही. ज्ञात कणांचा सिद्धांत असलेल्या प्रमाणित प्रारूपाच्या मूळ समीकरणांत माप असलेली संख्या एकच आहे आणि ती इथे, हिग्जच्या समीकरणात, हाताने लिहिलेली आहे. गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम रूप जिथे अपेक्षित आहे ती ऊर्जा याच्या कोट्यवधी-कोट्यवधी पटींनी मोठी. क्वांटम दुरुस्त्यांनी हिग्जला तिथवर खेचून का नेले नाही? महासममिती, म्हणजे प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार कण असतो ही कल्पना, हे याचे बरीच वर्षे सर्वांत लोकप्रिय उत्तर होते. पुण्यात जन्मलेल्या रोहिणी गोडबोले यांनी मुंबई विद्यापीठात आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करताना या महासममितीच्या कणांचा शोध कसा घ्यावा यावर आयुष्यभर संशोधन केले. मानुएल ड्रीस आणि प्रबीर रॉय यांच्यासोबत लिहिलेले त्यांचे 2004 सालचे पुस्तक त्या क्षेत्रात आजही वापरले जाते. 2024 मध्ये त्या गेल्या. सर्नच्या यंत्रात तोवर महासममितीचा एकही कण दिसला नव्हता.

म्हणून जुन्या, दुसऱ्या वाटेकडे पुन्हा लक्ष वळले आहे. 1973 मध्येच सिडनी कोलमन आणि एरिक वाइनबर्ग यांनी दाखवले होते की ती हाताने लिहिलेली संख्या शून्य धरली, तरी क्वांटम परिणाम हिग्जसारख्या क्षेत्रात माप निर्माण करू शकतात. प्रोटॉनला वस्तुमान देणारी युक्ती इथेही लागू पडते, एवढेच. 1995 मध्ये फर्मीलॅबच्या विल्यम बार्डीन यांनी, अशी मूळची प्रमाण-सममिती हिग्जला हलके ठेवू शकते, असा मुद्दा मांडला. साध्या रूपात हे जमत नाही: ज्ञात कणांपैकी टॉप क्वार्क इतका जड आहे की त्याच्यामुळे गणित उलटे फिरते. नवे जड बोसॉन लागतात, आणि ते अजून सापडलेले नाहीत. वरून गुरुत्वाकर्षण ही सममिती पाळेल याची खात्री कुणीही देत नाही. तरीही मला ही वाट अधिक प्रामाणिक वाटते, कारण निसर्गाने प्रोटॉनमध्ये जे करून दाखवले आहे, त्याच्यावरच ती विसंबते.

शिवाय ती तपासता येते. या प्रकारच्या साध्या प्रारूपांत हिग्ज कणाची स्वतःशीच होणारी तिहेरी आंतरक्रिया प्रमाणित प्रारूपापेक्षा सुमारे दोन-तृतीयांशाने जास्त असायला हवी. ती मोजण्यासाठी दोन हिग्ज एकाच टकरीत जन्माला यावे लागतात, आणि तशा घटना फार विरळ. सर्नचे 27 किलोमीटर परिघाचे यंत्र त्यासाठीच अधिक तेजस्वी केले जात आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था ज्यात सहभागी आहे तो सीएमएस प्रयोग या मोजमापाच्या दोन मुख्य दावेदारांपैकी एक. सुधारलेले यंत्र 2030 च्या सुमारास सुरू होईल. पुढच्या दशकभरात ही ताकद साधारण तीस टक्क्यांच्या अचूकतेने कळावी अशी अपेक्षा आहे, आणि दोन-तृतीयांशाचा फरक ओळखायला तेवढी अचूकता पुरते.