सर्व्हर घेण्याआधी कागद-पेन घ्या: ईआरपी बसवण्यापूर्वीचं नियोजन



पीएच.डी.ला प्रवेश घेतला की एक गोष्ट हमखास घडते. विभागात कुणाला तरी कळतं की तुम्हाला लिनक्स येतं, आणि त्या दिवसापासून प्रिंटर अडकला तरी हाक तुम्हालाच येते. माझं संशोधन केंद्र बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, विषय रसायनशास्त्र. एक दिवस सर म्हणाले, "रसायनांचा साठा, उपकरणांच्या नोंदी, प्रकल्पाचा खर्च, सगळं एका ठिकाणी दिसायला पाहिजे. तुला त्यातलं कळतं, तूच बसव."

मी ईआरपीनेक्स्ट निवडलं. मुंबईच्या फ्रॅपे या कंपनीचं हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही. 'किमान ४ जीबी रॅम' असं वाचलं. प्रयोगशाळेत ४ जीबीचा जुना डेस्कटॉप पडून होताच. दोन दिवसांत बसवलं, सुरू झालं, सरांनी चहा पाजला.

अकरा आठवड्यांनी दुपारी लाईट गेली. अर्ध्या तासाने लाईट आली, पण हार्ड डिस्क आली नाही. बॅकअप रोज रात्री होत होता, पण त्याच डिस्कवर! प्रकल्पाचं उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायला नऊ दिवस उरले होते आणि अनुदानाचा पुढचा हप्ता त्यावर अडकलेला. आम्हाला वाचवलं ते प्रयोगशाळेतल्या मामांनी. "मॅडम, मी आपलं रजिस्टर लिहीतच होतो," म्हणाले. त्या रजिस्टरवरून आम्ही तिघांनी आठ दिवस बसून सगळ्या नोंदी परत भरल्या.

चूक माझी होती. 'या मशिनवर चालेल का?' एवढंच मी विचारलं. दुसऱ्यांदा बसवताना आधी एका कागदावर हिशेब मांडला. तो हिशेब कसा करायचा, ते आज सांगते. तुमच्याकडे ईआरपी नसून ग्रंथालयाचं कोहा असेल किंवा प्रबंध साठवायचं डीस्पेस असेल, तरी पद्धत हीच.

१. आधी दोन प्रश्न

यंत्रणा बंद पडली तर किती वेळ चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी गमावल्या तर चालतील? पहिल्याला आरटीओ म्हणतात (गाड्या पासिंगचं ऑफिस नव्हे!), दुसऱ्याला आरपीओ. हे दोन आकडे तंत्रज्ञाने ठरवायचे नसतात, काम करणाऱ्यांनी ठरवायचे असतात.

आम्ही सर, लेखनिक आणि मामा यांच्यासोबत बसून ठरवलं: एक दिवस बंद राहिलं तर चालेल, तेवढा वेळ कागदावर लिहू. पण एका दिवसापेक्षा जास्त नोंदी जाता कामा नयेत. या एका वाक्याने निम्मं नियोजन झालं. दोन सर्व्हर शेजारी ठेवायची गरज नाही, पण रोजचा बॅकअप वेगळ्या जागी हवाच.

२. एकाच वेळी किती जण?

आमच्याकडे शिक्षक, संशोधक आणि एम.एस्सी.चे विद्यार्थी धरून ६० जण. म्हणून ६० जणांना पेलेल असा तगडा प्रोसेसर घ्यायचा का? इथे लिटलचा नियम कामाला येतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली. नियम सोपा आहे: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. बसस्टँडजवळच्या हॉटेलात मिनिटाला ३ गिऱ्हाइकं येत असतील आणि प्रत्येक जण १० मिनिटं बसत असेल, तर सरासरी ३० खुर्च्या भरलेल्या दिसतील.

आता आमचा सर्वांत गर्दीचा वेळ बघा. प्रॅक्टिकल सुरू होताना ४० विद्यार्थी १० मिनिटांत घेतलेल्या रसायनांची नोंद करतात. प्रत्येकी ६ स्क्रीन, प्रत्येक स्क्रीनमागे सर्व्हरकडे साधारण ५ विनंत्या धरू. म्हणजे १,२०० विनंत्या, ६०० सेकंदांत. सेकंदाला २. एका विनंतीला ०.३ सेकंद लागले, तर एका वेळी सरासरी ०.६ विनंती चालू. सरासरीवर विसंबायचं नाही म्हणून चौपट धरलं, तरी २.४.

विनंत्या हाताळणाऱ्या वर्करची संख्या ठरवताना 'कोअरच्या दुप्पट अधिक एक' हा ठोकताळा वापरतात. २ कोअर असले तर ५ वर्कर. म्हणजे साधा प्रोसेसरही आम्हाला पुरून उरतो. अडचण येते ती मोठ्या अहवालांची. वर्षभराच्या खर्चाचा अहवाल ४० सेकंद घेत असेल आणि तिघांनी एकदम काढला, तर पाचपैकी तीन वर्कर अडकले. त्यासाठी प्रोसेसर वाढवण्यापेक्षा असे अहवाल पार्श्वभूमीत तयार होतील अशी सोय वापरा. ती ईआरपीनेक्स्टमध्ये आहे.

३. रॅमची बेरीज

'किमान' म्हणजे सॉफ्टवेअर सुरू होण्यापुरतं. त्यावर रोजचं काम सुरळीत होईल असा त्याचा अर्थ नाही. ईआरपीनेक्स्ट हे एकटं सॉफ्टवेअर नसतं. पायथनमध्ये लिहिलेल्या मुख्य भागासोबत मारियाडीबी हा डेटाबेस, रेडिस आणि नोड हेही त्याच मशिनवर चालतात. सगळ्यांची बेरीज करायची:

- ऑपरेटिंग सिस्टीम: १ जीबी
- डेटाबेसचा बफर पूल: २ जीबी
- ५ वेब वर्कर, प्रत्येकी २०० एमबी: १ जीबी
- पार्श्वभूमीतले ३ वर्कर: ०.६ जीबी
- रेडिस आणि नोड: ०.४ जीबी

एकूण ५ जीबी. दीडपट केलं तर ७.५, म्हणून ८ जीबी घ्यायची. वर्करचा २०० एमबी हा आकडा मी आमच्या मशिनवर मोजून घेतलाय, तुमचा तुम्ही मोजा. बफर पूल म्हणजे डेटाबेसने रॅममध्ये हाताशी ठेवलेला डेटा. मारियाडीबीमध्ये तो मुळात फक्त १२८ एमबी असतो आणि आपण स्वतः वाढवावा लागतो. रॅम वाढवली पण हे सेटिंग तसंच ठेवलं, तर डेटाबेसला त्या जास्तीच्या रॅमचा फारसा फायदा होत नाही.

४. डिस्क: इथे मी फसले होते

दिवसाला ६० नोंदी, वर्षाला कामाचे २५० दिवस, एका नोंदीला इंडेक्ससकट १० केबी. वर्षाला १५० एमबी. काहीच नाही! पण नोंदींसोबत बिलांचे स्कॅन जोडले जातात. दिवसाला १५ बिलं, प्रत्येकी १ एमबी, म्हणजे वर्षाला ३.७५ जीबी. तीन वर्षांत सगळं मिळून ११.७ जीबी.

आता बॅकअप. रोजचा पूर्ण बॅकअप आणि शेवटचे ३० दिवस जपायचे म्हटलं, तर ३५१ जीबी. २५६ जीबीची एसएसडी तिसरं वर्ष संपायच्या आत भरणार. म्हणून आम्ही विभागणी केली. डेटाबेसचा बॅकअप रोज, त्याच्या ३० प्रती. जोडलेल्या फाइलींचा आठवड्याला एकदा, त्याच्या ४ प्रती, कारण मूळ बिलं कागदी फायलीत असतातच. हे सगळं ६० जीबीच्या आत बसतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ईआरपीनेक्स्टचा साधा बॅकअप फक्त डेटाबेसचा असतो, फाइलींसाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. आणि दोन डिस्कवर एकच डेटा लिहिणारी रेड-१ रचना म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. '३-२-१' हा जुना नियम पाळा: तीन प्रती, दोन वेगळी माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी. आमची तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असते आणि ती डिस्क कार्यालयाच्या कपाटात कुलपात.

५. लाईट आणि ऊन

परदेशी मार्गदर्शिकांमध्ये हा भाग दोन ओळींत संपतो. मराठवाड्यात इथेच जास्त वेळ द्यावा लागतो.

सर्व्हर १५० वॅट, राउटर आणि स्विच ३० वॅट, एकूण १८० वॅट. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. कागदावर २८ मिनिटं येतात. पण इतक्या वेगाने बॅटरी उपसली की ती पूर्ण क्षमता देत नाही, शिवाय रूपांतरात ऊर्जा वाया जाते. म्हणून १० मिनिटंच धरा. यूपीएसचं काम सर्व्हर तासभर चालवणं नाही, त्याला नीट बंद होऊ देणं आहे. त्यासाठी यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या, म्हणजे बॅटरी उतरताच सर्व्हर स्वतःहून बंद होईल. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याचं बटण 'यूपीएस मोड'वर आहे ना, ते पाहा, नाहीतर बदलाच्या क्षणीच मशीन बंद पडेल.

मारियाडीबी अचानक लाईट गेल्यावर सहसा स्वतःला सावरते, कारण ती आधी लॉगमध्ये लिहिते. पण खालची डिस्कच म्हातारी असेल तर लॉगही वाचत नाही. आमचं तेच झालं.

आता उन्हाचं. सर्व्हरसाठी १८ ते २७ अंश सेल्सिअस तापमान चांगलं मानतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि वरच्या मजल्यावरची स्लॅबखालची बंद खोली त्याहून तापते. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खोलीत ठेवला. उन्हाळी सुट्टीत ती खोली कोण उघडणार आणि धूळ कोण झटकणार, त्याचं नाव कागदावर लिहिलं.

६. आवृत्त्यांची जुळणी

आवृत्ती १५ साठी पायथन ३.१०, नोड १८ आणि मारियाडीबी १०.६ लागते. उबंटू २२.०४ सोबत पायथन आणि मारियाडीबी नेमक्या याच मिळतात, नोड मात्र जुनं येतं, ते वेगळं बसवावं लागतं. हे आधी तपासलं नाही तर बसवण्याचे दोन दिवस आठ होतात. आज बसवलेल्या प्रत्येक घटकाची आवृत्ती लिहून ठेवा, जशी आपण रसायनाच्या बाटलीवरचा बॅच नंबर लिहितो.

७. अंदाज तपासा

इथपर्यंतचे सगळे आकडे म्हणजे गृहीतक. संशोधकाने ते तपासायला नको का? लोकस्टसारख्या साधनाने ४० खोटे वापरकर्ते सोडा आणि रॅम, डिस्क, प्रतिसादाचा वेळ मोजा. मग बॅकअप दुसऱ्या मशिनवर परत चढवून बघा. मी एका जुन्या लॅपटॉपवर चढवला, तेव्हा ५० मिनिटं लागली आणि एक फोल्डर राहून गेल्याचं कळलं. परत चढवून न पाहिलेला बॅकअप बॅकअपच्या हिशेबात धरू नका.

शेवटी आम्ही काय घेतलं? साधा ४ कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी, बाहेरची डिस्क आणि बरा यूपीएस. आधी मागवलेल्या कोटेशनमध्ये निम्मे पैसे प्रोसेसरवर जात होते. हिशेब मांडल्यावर ते यूपीएस आणि बॅकअपकडे वळले. सरांनी तो एक पानी कागद खरेदीच्या फायलीला जोडला आणि खरेदी समितीत एकही प्रश्न आला नाही.

मामा अजूनही रजिस्टर लिहितात. मीच त्यांना तसं सांगितलंय.

पुढच्या लेखात लोकस्टने चाचणी कशी करायची, ते पायरीपायरीने बघू. तोवर तुमच्या विभागातल्या सर्व्हरचा बॅकअप कुठल्या डिस्कवर जातो, तेवढं आजच बघून या.