रात्री तीनची जाग

साठी ओलांडली की रात्री दोन-तीनदा जाग येते आणि मग छताकडे बघत पडून राहावं लागतं. यातलं बरंचसं वयाचंच देणं आहे. गाढ झोपेचा टप्पा आक्रसतो, मेंदूतलं जैविक घड्याळ पुढे धावू लागतं. म्हणून रात्री आठलाच डोळे जड होतात आणि पहाटे चारला टक्क जाग! झोपेची गरज मात्र फारशी घटत नाही. ६५ नंतरही ७-८ तास झोप हवीच.

एक कारण चक्क पायांत दडलेलं असतं. संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा खोल वळ उमटलेला दिसतो ना? दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं, मूत्रपिंडं ते गाळतात आणि लघवीला उठावं लागतं. दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवले तर यातलं बरंचसं पाणी दिवसाच निघून जातं. सूज रोजचीच असेल तर हृदय, मूत्रपिंडं तपासून घ्या. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा.

झोप परत येत नसेल तर वीसेक मिनिटांनी सरळ उठा, मंद दिव्यात बसा, पेंग आली की मगच अंथरुणावर जा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या उपचारांचा कणा आहे. मनाने झोपेच्या गोळ्या घेणं मात्र मला फार धोक्याचं वाटतं. गुंगीत बाथरूमकडे जाताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.