बीडी-सिगारेट कधी ओढली नाही, तरी धाप का लागते? सीओपीडी समजून घ्या

दिवाळी सरली की नागपुरात थंडी पडते आणि दवाखान्यांत खोकल्याचे रुग्ण वाढतात. बहुतेकांचा खोकला आठ-दहा दिवसांत जातो. काहींचा मात्र महिनोनमहिने जात नाही. सकाळी उठल्यावर कफ पडतो, जिना चढताना दम लागतो आणि घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच."

पण हा वयाचा दोष असेलच असं नाही. अनेकदा यामागे सीओपीडी, म्हणजे 'क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज' असतो. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या अभ्यासानुसार १९९० मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे २.८ कोटी रुग्ण होते. २०१६ मध्ये हा आकडा सुमारे ५.५ कोटींवर गेला.

सीओपीडीत नेमकं काय होतं?

फुप्फुसातल्या श्वासनलिका सुजून अरुंद होतात. त्यांच्या टोकाला असलेले हवेचे बारीक फुगे, म्हणजे वायुकोश, खराब होतात आणि त्यांची लवचिकता जाते. परिणामी हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. आधीचीच हवा साचून राहिल्यामुळे पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. रुग्णाला वाटतं की श्वास घेता येत नाही, पण मूळ अडचण श्वास सोडण्यात असते.

आपल्याकडे अशा प्रत्येक त्रासाला 'दमा' म्हणतात. दमा अनेकदा लहानपणी सुरू होतो, त्रास कमी-जास्त होतो आणि औषधाने श्वासनलिका बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. सीओपीडी बहुधा चाळिशीनंतर दिसतो, हळूहळू वाढतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मात्र ते वाढण्याचा वेग कमी करता येतो. म्हणूनच निदान लवकर होणं महत्त्वाचं.

हा फक्त बीडी ओढणाऱ्यांचा आजार आहे का?

नाही. बीडी-सिगारेट हे मोठं कारण आहेच. (नागपुरात तंबाखू म्हटलं की खर्रा आठवतो, पण त्याचा मोठा धोका तोंडाच्या कर्करोगाचा आहे.) पण आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. पुण्यातले डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीवर लेख लिहिला. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग, बाहेरचं प्रदूषण अशी कारणं त्यात पुढे आली. घरात गॅस आला तरी अंघोळीचं पाणी चुलीवरच तापत असेल, तर धूर सुटलेला नसतो. बंद खोलीत जाळलेल्या एका डासांच्या कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असंही एका अभ्यासात आढळलं होतं.

नागपूरच्या हवेचं काय?

शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन मोठी औष्णिक वीज केंद्रं आहेत. कोळसा जळाला की राख उरते. ती तलावांत साठवली जाते आणि उन्हाळ्यात सुकली की वाऱ्याने उडते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राख आजूबाजूच्या परिसरात पसरली. जिल्ह्यात कोळसा आणि मँगनीजच्या खाणी आहेत, तिथल्या कामगारांच्या फुप्फुसांत वर्षानुवर्षं धूळ जाते. त्यात वाहनं, बांधकामं आणि जाळला जाणारा कचरा यांची भर पडते. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नागपूर आहे.

निदान कसं होतं?

स्पायरोमेट्री या फुंकर मारण्याच्या चाचणीने. पूर्ण श्वास घेऊन नळीत जोरात सोडायचा. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, हे यंत्र मोजतं. श्वासनलिका मोकळं करणारं औषध दिल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि लक्षणं जुळत असतील, तर सीओपीडीचं निदान होतं. नुसत्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा सीओपीडी अनेकदा दिसतच नाही. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत श्वसनरोग विभाग आहेत.

'पंपाची सवय लागते' हे खरं का?

उपचार अडतात ते बहुतेकदा इथेच. इन्हेलरला लोक 'पंप' म्हणतात आणि तो शेवटचा उपाय समजतात. प्रत्यक्षात तो पहिला उपाय आहे. साल्ब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या गोळीच्या विसाव्या भागाइतकं. औषध थेट फुप्फुसात जात असल्यामुळे एवढं पुरतं. त्याचं व्यसन लागत नाही. आजार कायमचा असल्यामुळे औषध रोज घ्यावं लागतं, जसं रक्तदाबाचं घेतात.

दुसरी चूक वापरण्यात होते. फवारा देणारा पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा आणि पंप दाबताना हळू, खोल श्वास घ्यायचा. कॅप्सूलच्या पावडरीचं यंत्र असेल तर उलट, श्वास जोरात ओढावा लागतो. दोन्हींत नंतर सुमारे १० सेकंद श्वास रोखायचा. औषधात स्टेरॉइड असेल तर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी येते. हात आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर लावता येतो. डॉक्टरांसमोर एकदा पंप वापरून दाखवला की चूक लगेच कळते.

बाकी काय करता येईल?

धूम्रपान आणि चुलीचा धूर थांबवणं सर्वांत आधी. दरवर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्युमोनियाची लस. दम लागतो म्हणून बसून राहिलं तर स्नायू दुबळे होतात आणि दम आणखी लागतो, त्यामुळे झेपेल तेवढं रोज चालावं. धाप लागल्यावर नाकाने श्वास घेऊन, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून सावकाश सोडल्यास आराम पडतो. आजार पुढे गेलेल्या काही रुग्णांना घरी ऑक्सिजन लागतो, तोही दिवसातून किमान १५ तास. किती प्रवाहाने घ्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो मनाने वाढवू नये, काही रुग्णांत त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो.

कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, धाप नेहमीपेक्षा वाढली, तर दोन-चार दिवस वाट न पाहता डॉक्टरांकडे जावं. ओठ निळे पडले, वाक्य पूर्ण बोलता येईना किंवा रुग्ण गुंगीत जाऊ लागला, तर १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.