एकसारखी अंडी, वेगवेगळे जंत

गायी-म्हशींच्या चौथ्या पोटात आणि आतड्यात राहणाऱ्या गोल जंतांची अंडी शेणावाटे बाहेर पडतात. हिमॉन्कस, कूपेरिया, ट्रायकोस्ट्राँगायलस, इसोफॅगोस्टोमम अशा अनेक जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखीच दिसतात: लंबगोल आकार, पातळ कवच, आत पेशींचा पुंजका आणि लांबी साधारण 80 मायक्रॉन. त्यामुळे तपासणीच्या अहवालात एक ग्रॅम शेणात किती अंडी सापडली ते येते. ती कोणत्या जंताची, ते बहुधा येत नाही. खरी अडचण इथेच आहे, कारण या जंतांचे वागणे एकमेकांशी जुळत नाही. हिमॉन्कस रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे पोटात हजार जंत असतील तर रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. जनावराच्या डोळ्याची आतली कड पांढुरकी पडते, जबड्याखाली पाणी उतरते. कूपेरिया रक्त पीत नाही, पण कालवडीची भूक आणि वाढ खुंटवतो. इसोफॅगोस्टोममच्या अळ्या आतड्याच्या भिंतीत गाठी करतात.

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. ऊस आणि दूध ही या पट्ट्यातील दोन नगदी उत्पन्ने. मांसासाठी गुरे पाळण्याची इथे पद्धत नाही; गोठ्यात दुभत्या म्हशी, संकरित गायी आणि कुठे कुठे बैलजोडी. जनावर दावणीला बांधलेले असले तरी जंतांपासून सुटत नाही. पावसाळ्यातील दमट उबेत शेणातील अंड्यातून निघालेली अळी आठवडाभरात संसर्गक्षम होते आणि ओल्या गवताच्या पात्यावर चढते. ती फार उंच जात नाही. उसाच्या शेंड्याकडील वाड्यापेक्षा बांधावरून, पाटाच्या कडेने बुडापासून कापलेल्या हिरव्या गवतातूनच ती दावणीत येण्याची शक्यता जास्त. पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत हिमॉन्कस वयात येतो आणि मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालू लागते.

एकसारख्या अंड्यांमुळे होणारी ही गल्लत डीएनएच्या आधारे सोडवण्याची रीत कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात जॉन गिलियर्ड यांच्या गटाने विकसित केली आणि 2015 मध्ये प्रसिद्ध केली. मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या कळपांवर ती वापरून पाहिली गेली. एका जनावरातील सगळ्या गोल जंतांच्या या समुदायाला ‘नेमाबायोम’ असे नाव मिळाले. प्रत्येक जंताच्या पेशीत आयटीएस-2 नावाचा डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. जातीनुसार त्यातील अक्षरांचा क्रम बदलतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग सगळ्यांत सारखा असतो. म्हणून डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एकाच पीसीआर प्रक्रियेत सर्व जातींचे हे तुकडे वाढवता येतात. यंत्र त्यातील हजारो तुकडे एकेक करून वाचते आणि संगणक ते ज्ञात जातींशी पडताळतो. प्रत्येक नमुन्याला डीएनएचीच वेगळी खूणचिठ्ठी जोडलेली असल्याने अनेक गोठ्यांचे नमुने एकाच फेरीत चालतात. खर्च आवाक्यात येतो तो या सोयीमुळे.

हे वाचन किती बारीक आहे, हे हिमॉन्कसच्या दोन जातींवरून कळते. मेंढ्या-शेळ्यांत प्रामुख्याने हिमॉन्कस कॉन्टॉर्टस, तर गुरांत हिमॉन्कस प्लेसाय. दोघांच्या आयटीएस-2 मध्ये 231 अक्षरे असतात आणि फरक असतो तो फक्त 3 ठिकाणी. डोळ्याला अंडे तेच दिसते, वाचनात जात वेगळी निघते. कोल्हापूर जिल्ह्यात खतासाठी शेतात मेंढ्या बसवण्याची चाल आहे, म्हणून हा फरक इथे बिनमहत्त्वाचा नाही. या दोन जातींचा संकर होऊ शकतो, असे जनुकीय पुरावे मिळाले आहेत. म्हणजे मेंढीच्या जंतात औषधाला दाद न देण्याचा गुण आला, तर तो गुरांच्या जंतापर्यंत पोहोचायला वाट आहे.

अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही जंतनाशक औषधे जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून त्याची पेशी निकामी करतात. या प्रथिनातील 167, 198 किंवा 200 क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलले की औषधाची पकड सुटते. त्यासाठी डीएनएतील एक अक्षर बदलणे पुरते. हे अक्षरही त्याच तंत्राने वाचता येते, आणि एकूण जंतांपैकी किती हिश्श्यात ते बदलले आहे तेही मोजता येते. दक्षिण भारतातील हिमॉन्कस कॉन्टॉर्टसवर 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 198 क्रमांकाचा बदल एकाच मूळ ठिकाणाहून दूरवर पसरल्याचे दिसले. जंत स्वतः चालत जात नाहीत. जनावरांची ने-आण झाली की तेही जातात. हरियाणातून मुऱ्हा म्हशी आणणाऱ्या कोल्हापूरला हे लक्षात घ्यावेच लागेल. वजनाचा अंदाज चुकून कमी पाजलेला डोस आणि वर्षानुवर्षे तेच एक औषध, या दोन सवयी अशा बदललेल्या जंतांना निवडून वाढवतात.

तंत्राला मर्यादाही आहेत. ते प्रमाण सांगते, संख्या नाही. म्हणून अंड्यांची मोजणी सोबत करावीच लागते. भरपूर अंडी घालणारा हिमॉन्कस निकालात मोठा दिसतो, कमी अंडी घालणारा कूपेरिया लहान. पोटाच्या अस्तरात सुप्त बसलेली अळी अंडीच घालत नाही, त्यामुळे ती निकालात येत नाही. गोगलगायींमार्फत पसरणारे यकृतातील चपटे जंत तर या तपासणीच्या कक्षेबाहेरच राहतात, आणि कालव्याच्या पाणथळ पट्ट्यात त्यांची तपासणी वेगळी करणे फार गरजेचे आहे. उलट, आईच्या दुधातून रेडकाला होणारा टॉक्सोकारा जंत जाड, खळगेदार कवचामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येतो. तिथे डीएनएवर पैसे घालण्याचे कारण नाही.

नमुना घेण्याची रीत सोपी आहे. हातमोजा घालून शेण थेट गुदद्वारातून घ्यायचे, कारण जमिनीवर पडलेल्या शेणात मातीतील निरुपद्रवी कृमी मिसळतात. ते ओलसर आणि उबदार ठेवले की आठवडा-दहा दिवसांत अळ्या तयार होतात. अळ्या अल्कोहोलमध्ये ठेवून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. औषध पाजण्यापूर्वी एक नमुना आणि त्यानंतर 14 दिवसांनी त्याच जनावरांचा दुसरा, अशी जोडी सर्वांत उपयोगी. अंडी किती घटली हे मोजणीतून कळते. जी उरली ती कोणाची, हे वाचनातून. अनेक देशांत आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक दिल्यानंतर गुरांत उरलेल्या अंड्यांमध्ये कूपेरियाचाच भरणा आढळला आहे. असे चित्र दिसले की पुढचे औषध वेगळ्या गटातील निवडायचे, आणि तेही जनावराचे वजन फितीने मोजून.