मेसेलची मगर आणि इडा

जर्मनीत डार्मस्टाट शहराजवळ मेसेल ही तेलयुक्त शेल खडकाची जुनी खाण आहे. सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीच्या विवरात खोल तळे होते. तळाशी प्राणवायू नसल्याने बुडालेले देह कुजून विखुरले नाहीत. बारीक गाळात अख्खे दबून राहिले. त्यांतल्या दोन प्राण्यांना डार्विन यांचे नाव मिळाले आहे: डिप्लोसिनोडॉन डार्विनी ही मगर आणि डार्विनियस मासिले हा नरवानर गणातला प्राणी.

मगर आधी सापडली. १८७५ मध्ये मिळालेले मगरीचे अवशेष हा मेसेलचा पहिला जीवाश्म मानतात. रुडोल्फ लुडविग यांनी १८७७ मध्ये तिचे नामकरण केले, तेव्हा डार्विन हयात होते. डार्विनियसचा सांगाडा मात्र १९८३ मध्ये खाजगी संग्राहकांच्या हाती लागला, शिळेचे दोन भाग वेगवेगळे विकले गेले आणि नाव मिळायला २००९ साल उजाडले. ते डार्विन यांच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष होते. ‘इडा’ या टोपणनावाने तो गाजला. वृत्तपत्रांनी त्याला थेट माणसाचा हरवलेला दुवा ठरवले, ते जरा घाईचेच होते. बहुतेक तज्ज्ञ त्याला लेमूरच्या जवळचा मानतात.

इडा शेपटीसह ५८ सेंटिमीटर लांब, त्यात निम्म्याहून अधिक शेपूटच. बोटांना नखे, फांदी पकडता येईल असा अंगठा, पोटात पाने आणि फळे. मगर ॲलिगेटरच्या कुळातली, आखूड जबड्याची. तिच्या पाठीवर आणि पोटावरही हाडांच्या चकत्यांचे चिलखत होते.

खरा फरक दातांत दिसतो. इडाच्या जबड्यात दुधाचे दात आहेत आणि आत कायमचे दात तयार होताना दिसतात. त्यावरूनच ती वर्षाच्या आतली असावी असे ठरले. मगरीचे दात सुळ्यांसारखे, चावून बारीक करण्याच्या कामाचे नाहीत. पडले की पुन्हा उगवतात आणि हे आयुष्यभर चालते. त्यामुळे दुधाच्या दातांवरून मगरीचे वय काढता येत नाही.

पाण्याकाठी राहणाऱ्या मगरींचे अवशेष मेसेलला बरेच मिळतात. झाडावरचा प्राणी तळ्यात पडणे हा अपघातच, म्हणून नरवानर गणातले सांगाडे तिथे फार थोडे आहेत. इडाचे मनगट मोडून जुळत आले होते. त्यामुळे ती झाडावर नीट चढू शकत नसावी आणि पाण्यासाठी काठावर आली असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

डिप्लोसिनोडॉन वंशातल्या मगरी युरोपात मायोसीन काळापर्यंत टिकल्या. हवामान थंडावत गेले तशा त्या संपल्या.