वायूंचा गत्यात्मक सिद्धांत
वायू हा सतत व अनियमितपणे फिरणाऱ्या असंख्य रेणूंचा समुदाय आहे असे मानून त्याचा दाब, तापमान, विसरण (एका वायूचे दुसऱ्यात पसरणे), श्यानता (प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) इ. गुणधर्मांचे स्पष्टीकरण यामिकीच्या नियमांनी करणाऱ्या सिद्धांतास ‘वायूंचा गत्यात्मक सिद्धांत’ म्हणतात. हा सिद्धांत मांडला गेला तेव्हा रेणूचे अस्तित्व हेच मुळात अनुमान होते. त्यामुळे परिचित नियमांची उपपत्ती देण्यापेक्षा अपरिचित, किंबहुना अविश्वसनीय वाटणारी भाकिते खरी ठरणे हीच त्याची खरी कसोटी होती.

सिद्धांताची गृहीतके मोजकी आहेत. रेणूंचा आकार त्यांच्यामधील अंतरांच्या मानाने अगदी लहान असतो. आघाताचा क्षण सोडल्यास ते एकमेकांवर प्रेरणा लावत नाहीत. त्यांचे आघात पूर्णपणे स्थितिस्थापक असतात, म्हणजे आघातात एकूण गतिज ऊर्जा घटत नाही. भांड्याच्या भिंतीवर आदळून परतताना रेणूच्या संवेगात (वस्तुमान × वेग) बदल होतो. प्रतिसेकंदास होणाऱ्या अशा अगणित आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब होय. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरताना दाब वाढतो तो रेणूंची व पर्यायाने आघातांची संख्या वाढल्यामुळे. तिन्ही दिशांना गती सारखीच संभाव्य आहे हे लक्षात घेऊन गणित केल्यास पुढील समीकरण मिळते :

दाब × घनफळ = १/३ × रेणुसंख्या × रेणूचे वस्तुमान × वेगवर्गांची सरासरी

बॉइल यांच्या नियमाशी याची तुलना केली असता तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे असे दिसून येते. एकाच तापमानास हलक्या रेणूंचा वेग अधिक असतो. २७° से. तापमानास नायट्रोजनाच्या रेणूचा वेग (वेगवर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) सेकंदास सुमारे ५१७ मी., तर हायड्रोजनाच्या रेणूचा सुमारे १,९३० मी. असतो.

दाबाची ही कल्पना दानिएल बेर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडली होती. परंतु उष्णता हा एक द्रव पदार्थ आहे अशी समजूत रूढ असल्याने ती शंभर वर्षे दुर्लक्षित राहिली. त्यानंतरचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत मुंबई येथे नौदलाच्या उमेदवारांना शिकविणारे स्कॉटिश शिक्षक जॉन जेम्स वॉटर्स्टन यांनी १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध पाठविला. वेगवर्गांची सरासरी रेणूच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा निष्कर्ष त्यात स्पष्टपणे आला होता. परीक्षकांनी निबंध छापण्यास अयोग्य ठरविला आणि तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला. वॉटर्स्टन १८८३ मध्ये निवर्तले. लॉर्ड रॅली यांनी शोधून काढलेला हा निबंध १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत हेच निष्कर्ष इतरांनी स्वतंत्रपणे काढले होते.

रूडोल्फ क्लॉसियस यांनी १८५७ मध्ये सिद्धांताची सुसंगत मांडणी केली, तेव्हा एक साधाच पण बिनतोड वाटणारा आक्षेप घेण्यात आला : रेणू सेकंदास शेकडो मीटर धावत असतील, तर वायूचा वास खोलीच्या दुसऱ्या टोकास पोहोचण्यास इतका वेळ का लागतो? क्लॉसियस यांनी १८५८ मध्ये याचे उत्तर दिले. रेणूला लागोपाठच्या दोन आघातांदरम्यान सरासरीने जेवढे अंतर मोकळे मिळते त्यास ‘सरासरी मुक्त पथ’ म्हणतात. सर्वसाधारण हवेत तो एका मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाएवढाच असून रेणूला सेकंदास सुमारे ७०० कोटी आघात सोसावे लागतात. दर आघातास दिशा बदलत असल्याने सेकंदात जवळजवळ अर्धा किमी. वाटचाल करूनही रेणू मूळ स्थानापासून जेमतेम एखादा सेंमी. दूर जातो. (उदबत्तीचा वास घरभर लवकर दरवळतो तो मुख्यतः हवेच्या प्रवाहांमुळे, केवळ विसरणावर विसंबल्यास पाच मीटर अंतरासाठी काही दिवस लागतील.)

सर्व रेणूंचा वेग सारखा नसतो. कोणत्या वेगाचे रेणू किती प्रमाणात असतील याचा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये दिला व लूटव्हिख बोल्ट्समान यांनी त्याला व्यापक रूप दिले. याच निबंधात मॅक्सवेल यांना एक विलक्षण निष्कर्ष मिळाला : वायूची श्यानता त्याच्या घनतेवर अवलंबून नसते. विरळ हवेत लंबकाला कमी विरोध व्हावा असे सामान्य बुद्धी सांगते. परंतु विरळ वायूत संवेग वाहून नेणारे रेणू जितके कमी, तितकाच प्रत्येकाचा मुक्त पथ लांब. त्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांना छेदतात. पुढे मॅक्सवेल यांनी पत्नी कॅथरिन यांच्या साहाय्याने हवेत आंदोलित होणाऱ्या काचेच्या तबकड्यांवर प्रयोग केले व १८६६ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हवेचा दाब पुष्कळ कमी केला तरी श्यानता बदलत नाही असे त्यांना आढळले. प्रस्तुत सिद्धांताच्या बाजूचा याहून प्रभावी पुरावा त्या काळात दुसरा नव्हता. १८६५ मध्ये योहान लोश्मिट यांनी मुक्त पथ व द्रवरूप अवस्थेतील घनफळ यांवरून रेणूच्या व्यासाचा पहिला अंदाज केला. तो आजच्या मूल्याच्या सुमारे अडीचपट आहे. ०° से. व एक वातावरण दाब असताना एक घ. सेंमी. वायूत २६९ वर १७ शून्ये एवढे रेणू असतात.

विशिष्ट उष्णतेच्या बाबतीत मात्र सिद्धांत अडला. स्थिर दाब व स्थिर घनफळ यांच्या विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर एकाणवीय वायूसाठी १·६७ यावे असे गणित सांगते आणि कुंट व व्हारबुर्ख यांना १८७६ मध्ये पाऱ्याच्या वाफेसाठी तेच मिळाले. द्व्यणवीय वायूंसाठी मात्र रेणूचे परिवलन व कंपन हिशेबात घेतल्यास १·२९ यावयास हवे, ते प्रत्यक्षात १·४० भरते. जणू रेणूला कंपनच माहीत नाही. मॅक्सवेल यांनी ही अडचण कधीच लपविली नाही. तिचे निराकरण विसाव्या शतकात पुंजयामिकीने केले : कंपनाची ऊर्जा ठराविक पुंजांतच घेता येते व नेहमीच्या तापमानास आघातांतून तेवढी ऊर्जा क्वचितच मिळते. दोष रेणूच्या कल्पनेत नव्हता, त्याला लावलेल्या अभिजात यामिकीत होता.

रेणूंच्या अस्तित्वाविषयीचा वाद ब्राउनीय गतीच्या अभ्यासाने मिटला. आइन्स्टाइन (१९०५) व स्मोलुखोव्हस्की (१९०६) यांनी दिलेली उपपत्ती झां पेरँ यांनी १९०८ पासून केलेल्या सूक्ष्मदर्शकीय मापनांत खरी उतरली आणि व्हिल्हेल्म ओस्टव्हाल्ट यांच्यासारख्या कट्टर विरोधकानेही अणूंचे अस्तित्व मान्य केले. बोल्ट्समान १९०६ मध्येच निधन पावले होते. रेणवीय वेगांचे प्रत्यक्ष मापन ओटो स्टर्न यांनी १९२० मध्ये चांदीच्या अणूंच्या शलाकेवर केले.

दाब फार वाढविल्यास रेणूंचे आकारमान व परस्पर आकर्षण उपेक्षिता येत नाही. व्हान डर व्हाल्स यांनी १८७३ मध्ये त्यानुसार सुधारणा केली. उलट टोकास, सुमारे ५०० किमी. उंचीवर, मुक्त पथ अनेक किमी. लांब असतो व वर निघालेला कण सहसा कोणावर आदळत नाही. तेथील सुमारे १,००० केल्व्हिन तापमानास हायड्रोजन अणूचा वेग सेकंदास ५ किमी.च्या आसपास, म्हणजे मुक्तिवेगाच्या निम्म्याहूनही कमी असतो. परंतु मॅक्सवेल यांच्या नियमानुसार काही थोडे अणू याहून पुष्कळ वेगवान असतात व ते अवकाशात निघून जातात. ऑक्सिजनाचा अणू सोळापट जड असल्याने त्याचा वेग याच्या एक-चतुर्थांश असतो व केवळ उष्णतेमुळे तो पृथ्वी सोडून जाण्याचे प्रमाण नगण्य आहे.