नदी ओळखावी तिच्या पाणलोटावरून

महाबळेश्वरच्या रानातली कृष्णा आणि नरसोबाच्या वाडीला संथ वाहणारी कृष्णा यांचं नाव एक असलं, तरी दोन्हीकडची जीवसृष्टी निराळी. वर सावलीतल्या पाण्यात पडलेला पाला कुरतडून जगणारे किडे, खाली गाळातले बारीक कण टिपणारे. त्यामुळे नदीतल्या जिवांचा अभ्यास करताना अख्खी नदी एका खात्यात घालून भागत नाही. दोन संगमांमधला प्रत्येक तुकडा वेगळा धरावा लागतो.

हे तुकडे जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीत, उंचीच्या नकाशावरून पाडतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. अशा नकाशात जमीन चौकोनांत विभागलेली असते. प्रत्येक चौकोनातलं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराकडे वळवत गेलं, की ओढे, उपनद्या आणि नद्यांचं जाळं आपोआप उमटतं. शिवाय कुठल्याही ठिकाणी बोट ठेवून तिथे पाणी कुठून कुठून येतं, तेही काढता येतं. मला या पद्धतीचं खरं बळ इथेच दिसतं.

न्यूझीलंडमध्ये टॉन स्नेल्डर आणि बॅरी बिग्स यांनी २००२ मध्ये मांडलेलं वर्गीकरण याच बळावर उभं आहे. हवामान, पाण्याचा उगम, खडक, जमिनीवरचं आच्छादन, जाळ्यातलं स्थान आणि दरीचा उतार अशा सहा पायऱ्यांनी तिथला प्रत्येक तुकडा ओळखला जातो. पहिल्या चारही गोष्टी वरच्या पाणलोटाच्या. हिमनदीतून येणारं पाणी गार आणि गढूळ, सरोवरातून येणारं बरंच स्थिर. शेजारून वाहत असले तरी ते दोन प्रवाह वेगळ्या वर्गांत जातात. कुरणांमधल्या ओढ्याची तुलना मग तशाच हवामानातल्या, तशाच खडकावरच्या जंगलातल्या ओढ्याशी करता येते. बिघाड किती झाला, हे सांगायला अशी जोडी लागतेच.

आपल्याकडे हेच करायचं, तर कोयना मोठी अडचण उभी करते. उताराच्या हिशेबाने तिचं सगळं पाणी कराडला कृष्णेत जायला हवं. प्रत्यक्षात धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला वळतं, वीज करून चिपळूणजवळ वाशिष्ठीला मिळतं. उंचीच्या नकाशाला याचा पत्ता नसतो. ती जोड माणसानेच नोंदवावी लागते. आणि वाशिष्ठीतले मासे मोजणाऱ्याने पावसाच्या आकड्यांसोबत वीजनिर्मितीच्या वेळाही टिपायला हव्यात.